मत्स्यटाकीतील हीटरची विश्वासार्हता आणि सुरक्षितता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातील मत्स्यटाकीत विजेवर चालणारी जी चार-पाच उपकरणे असतात, त्यांत हीटरकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. फिल्टर बंद पडला तर आवाज थांबल्याने कळते, दिवा गेला तर लगेच दिसते; हीटर मात्र शांतपणे बिघडतो आणि तो चालू अवस्थेत अडकला तर एका रात्रीत टाकीतील सर्व मासे दगावू शकतात. पुढील उत्तरांमागे एकच धारणा आहे : कोणताही हीटर कधी ना कधी बिघडणार हे गृहीत धरावे आणि त्याच्या बिघाडामुळे मासे किंवा माणसे संकटात येणार नाहीत, अशा रीतीने टाकीची मांडणी करावी.

प्रत्येक टाकीला हीटरची गरज असते का?

नाही. गप्पी, मॉली, टेट्रा, अँजेल, बेटा अशा उष्ण प्रदेशांतील माशांना साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि डिस्कसला त्याहूनही थोडे अधिक, म्हणजे २८ ते ३० अंश लागते. गोल्डफिश मात्र १८ ते २२ अंशांच्या गार पाण्यात अधिक निरोगी राहतात. म्हणून आधी माशांची जात पाहावी आणि नंतर खोलीचे तापमान आठवडाभर सकाळी लवकर व दुपारी मोजून पाहावे. खोलीच अपेक्षित तापमानाच्या आसपास राहत असेल, तर हीटर न लावणे हाच सर्वांत सुरक्षित पर्याय ठरतो.

दिवस आणि रात्र यांतील चढउतार मोठा असेल तेव्हा मात्र हीटर उपयोगी पडतो. पाणी अचानक गार झाले की माशांची प्रतिकारशक्ती खालावते, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग अनेकदा अशाच गारठ्यानंतर डोके वर काढतो.

हीटरच्या आत नेमके काय असते आणि तो बिघडतो कशामुळे?

नेहमीच्या काचेच्या हीटरमध्ये चिनी मातीच्या दांड्याभोवती नायक्रोमची तार गुंडाळलेली असते. तिच्यातून वीज वाहिली की ती तापते आणि भोवतीची काच ती उष्णता पाण्याला देते. नळीच्या वरच्या भागात थर्मोस्टॅट असतो. जुन्या आणि आजही सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या रचनेत हा थर्मोस्टॅट म्हणजे दोन निरनिराळ्या धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी असते. दोन्ही धातू उष्णतेने कमी-अधिक प्रसरण पावत असल्यामुळे पट्टी तापली की वाकते, तिच्या टोकावरचा संपर्कबिंदू सुटतो आणि वीजप्रवाह थांबतो. पाणी निवले की ती पुन्हा सरळ होऊन प्रवाह जोडते.

बिघाडाचे मूळ या जोडण्या-तोडण्यातच आहे. संपर्क सुटताना किंवा जुळताना दर वेळी एक बारीक ठिणगी पडते. हीटर दिवसातून अनेकदा चालू-बंद होत असल्याने वर्षभरात अशा हजारो ठिणग्या पडतात. त्यांनी संपर्काचा पृष्ठभाग हळूहळू जळतो, खडबडीत होतो आणि एखाद्या वेळी दोन्ही टोके वितळून एकमेकांना चिकटतात. मग पट्टीने कितीही जोर केला तरी ती सुटत नाहीत आणि हीटर अखंड चालू राहतो. ठिणगी कमी व्हावी आणि पट्टी रेंगाळत न सुटता झटक्यात सुटावी, यासाठी काही उत्पादक आत छोटे चुंबक आणि कपॅसिटर बसवतात. त्याने आयुष्य वाढते, धोका मात्र पूर्णपणे टळत नाही.

दुसऱ्या प्रकारचा बिघाड म्हणजे तार तुटणे किंवा संपर्क जळून जोडलाच न जाणे. या बिघाडात हीटर बंद पडतो. पाणी सावकाश निवते आणि रोज थर्मामीटर पाहणाऱ्या माणसाला सावरायला वेळ मिळतो. तिसरा प्रकार म्हणजे काच तडकणे किंवा वायर जिथून आत जाते तिथले रबरी बूच सैल होणे. त्यातून पाणी विजेच्या भागापर्यंत पोहोचते. माशांच्या दृष्टीने पहिला प्रकार सर्वांत घातक आहे आणि माणसाच्या दृष्टीने तिसरा.

इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅटचा हीटर घेतला तर ही चिंता मिटते का?

अंशतः मिटते. इलेक्ट्रॉनिक हीटरमध्ये थर्मिस्टर तापमान मोजतो आणि ट्रायॅक किंवा रिले वीज जोडतो व तोडतो. तापमान अधिक काटेकोर राहते, कारण धातूच्या पट्टीचा हीटर अर्धा ते एक अंश मागेपुढे होऊ देतो, तर चांगला इलेक्ट्रॉनिक हीटर त्याहून कमी. पण ट्रायॅक निकामी होतो तेव्हा तो बहुधा आतून जोडलेल्या अवस्थेतच निकामी होतो आणि रिलेचे संपर्कही पट्टीच्या संपर्कांसारखेच चिकटू शकतात. म्हणून “इलेक्ट्रॉनिक” हा शब्द वाचून दुसरी कोणतीही खबरदारी सोडू नये. विकत घेताना हीटर पाण्याबाहेर राहिल्यास किंवा अति तापल्यास आपोआप बंद होण्याची स्वतंत्र सोय त्यात आहे का, हे अवश्य पाहावे. माझ्या मते आकडे दाखवणाऱ्या पडद्यापेक्षा ही सोय कितीतरी महत्त्वाची आहे.

हीटर चालू अवस्थेत अडकला तर पाणी किती वेळात धोकादायक तापमानाला पोहोचते?

याचा हिशेब कोणालाही करता येतो आणि आपल्या टाकीसाठी तो एकदा तरी करून ठेवावा. १ लिटर पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवण्यासाठी सुमारे ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते. ६० लिटरच्या टाकीला १ अंशासाठी सुमारे २५१ किलोज्यूल लागतील. त्या टाकीत ३०० वॅटचा हीटर असेल, तर तो सेकंदाला ०.३ किलोज्यूल उष्णता देतो. म्हणजे साधारण १४ मिनिटांत पाणी १ अंशाने तापेल. २६ अंशांवरून ३४ अंशांपर्यंत जायला दोन तासही लागणार नाहीत. वाटेत थोडी उष्णता हवेत जाते हे धरले, तरी रात्री झोपल्यानंतर बिघडलेला असा हीटर सकाळपर्यंत काहीही शिल्लक ठेवणार नाही.

त्याच टाकीत ५० वॅटचा हीटर असेल तर चित्र बदलते. १ अंशाला किमान ८४ मिनिटे लागतात. शिवाय पाणी खोलीपेक्षा जसजसे अधिक तापते तसतशी त्यातून बाहेर जाणारी उष्णताही वाढते आणि एका टप्प्यावर हीटर जितकी उष्णता देतो तितकीच टाकी गमावू लागते. तिथे तापमान थांबते. लहान हीटरचा हा टप्पा खाली येतो, मोठ्या हीटरचा फार वर. हीटर अडकला तरी मासे तग धरतील की नाही, हे मुख्यतः या टप्प्यावरच अवलंबून असते.

गरम पाण्यात मासे मरतात ते केवळ उष्णतेने नव्हे. गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३५ अंशांना सुमारे ७ मिलिग्रॅमच. त्याच वेळी माशांच्या शरीरातील क्रिया वेगाने चालू लागल्याने त्यांना अधिक प्राणवायू हवा असतो. पाण्यात अमोनिया असेल तर तापमान वाढल्यावर त्याचा विषारी अंशही वाढतो. तीन बाजूंनी एकाच वेळी असा कोंडमारा होतो.

मग किती वॅटचा हीटर घ्यावा?

प्रत्येक लिटरला १ वॅट हा सर्वत्र सांगितला जाणारा ठोकताळा आहे. खोली टाकीपेक्षा साधारण १० अंशांनी गार राहत असेल, तर तो ठीक आहे. फरक ५ अंशांचाच असेल तर त्याच्या निम्मे पुरेसे ठरते. अगदी लहान टाक्यांना लिटरमागे थोडे अधिक वॅट लागतात, कारण त्यांच्या आकारमानाच्या मानाने उघडा पृष्ठभाग मोठा असतो.

“थोडा मोठाच घ्या, म्हणजे ताण येणार नाही” हा सल्ला वारंवार ऐकू येतो. तो मला धोकादायक वाटतो. मोठ्या हीटरने मिळणारी सोय किरकोळ असते आणि तो अडकल्यावर होणारे नुकसान संपूर्ण असते. वॅट वाढवण्याआधी टाकीला झाकण लावावे. पाण्याची वाफ होताना फार उष्णता जाते. दिवसाला केवळ १ लिटर पाणी उडून जात असेल, तर ती उष्णता भरून काढण्यासाठी जवळजवळ २८ वॅटचा हीटर अखंड चालू ठेवावा लागेल. नीट बसणारे झाकण आणि टाकीच्या मागच्या बाजूला लावलेली थर्मोकोलची पाटी एवढ्यानेही हीटरचा भार लक्षणीय कमी होतो.

एक मोठा हीटर चांगला, की दोन लहान?

दोन लहान. टाकीला एकूण २०० वॅट लागत असतील तर १०० वॅटचे दोन हीटर टाकीच्या दोन टोकांना लावावेत. एक चालू अवस्थेत अडकला तर निम्मीच शक्ती अनियंत्रित होते आणि दुसरा आपोआप बंद राहतो. एक बंद पडला तर दुसरा पाणी पूर्ण गार होऊ देत नाही.

दोन उपकरणे असल्यामुळे त्यांपैकी एखादे बिघडण्याची शक्यता अर्थातच वाढते. येथे आपण बिघाडांची संख्या कमी करत नसून प्रत्येक बिघाडाचा घाव हलका करत आहोत, आणि तो सौदा योग्य आहे. दोन थर्मोस्टॅट कधीच अगदी एकाच अंशावर जुळत नाहीत, त्यामुळे एक हीटर बहुतेक काम करतो आणि दुसरा निवांत राहतो. काही महिन्यांनी दोघांच्या डायलवरील आकड्यांची अदलाबदल केली की झीज वाटली जाते. ३० लिटरच्या आतील टाकीत मात्र दोन हीटर मावत नाहीत आणि तेवढ्या लहान क्षमतेचे हीटरही सहज मिळत नाहीत. तिथे एकच लहान हीटर आणि बाहेरचा कंट्रोलर हा मार्ग पत्करावा.

बाहेरचा तापमान कंट्रोलर लावल्याने काय साधते?

कंट्रोलर हा प्लग आणि सॉकेट यांच्या मध्ये बसतो, त्याचा सेन्सर पाण्यात असतो आणि ठरवलेल्या तापमानाला तो हीटरची वीजच तोडतो. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट आणि कंट्रोलर हे दोघेही एकाच वेळी चालू अवस्थेत अडकतील तरच पाणी बेफाम तापेल, आणि ती शक्यता एकट्या थर्मोस्टॅटपेक्षा पुष्कळच कमी असते.

ही दुहेरी सुरक्षितता मिळण्यासाठी जोडणी मात्र नीट करावी लागते. कंट्रोलर २६ अंशांवर ठेवला असेल तर हीटरचा डायल २७ अंशांवर ठेवावा. अनेक जण हीटरचा डायल सर्वांत वरच्या आकड्यावर फिरवून सारा भार कंट्रोलरवर टाकतात. असे केले की दोन पहारेकऱ्यांपैकी एकाला आपणच घरी पाठवल्यासारखे होते. सेन्सर पाण्यातून निसटून बाहेर पडला, तर कंट्रोलरला खोलीतील गार हवाच पाणी वाटते आणि तो हीटर चालू ठेवतो. त्या क्षणी २७ अंशांवर ठेवलेला हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅटच मासे वाचवतो. सेन्सरची तार एका सक्शन कपवर विसंबून न ठेवता टाकीच्या काठालाही बांधावी आणि तापमान मर्यादेबाहेर गेल्यावर आवाज करणारा कंट्रोलर निवडावा.

काचेचा, टायटॅनियमचा, स्टीलचा की प्लॅस्टिकचा हीटर घ्यावा?

चांगल्या काचेच्या हीटरमध्ये बोरोसिलिकेट काच वापरतात, जी तापमानातील बदल साध्या काचेपेक्षा चांगला सोसते. तरीही आदळल्यावर ती फुटतेच. टायटॅनियम फुटत नाही आणि खाऱ्या पाण्यातही गंजत नाही, म्हणून मोठ्या, जोरकस माशांच्या टाकीत आणि समुद्री टाकीत तो उत्तम. मात्र अशा बऱ्याच हीटरांना स्वतःचा थर्मोस्टॅट नसतो आणि ते कंट्रोलरशिवाय मुळीच वापरू नयेत. स्टेनलेस स्टील गोड्या पाण्यात चालते, खाऱ्या पाण्यात हळूहळू गंजते. प्लॅस्टिकच्या आवरणातील काही छोट्या हीटरांत असा तापक असतो की जो जितका तापेल तितकी त्याची रोधकता वाढून तो स्वतःच मंदावतो. बेटासारख्या माशाच्या छोट्या टाकीसाठी ते सोयीचे असतात. पण त्यांतील ज्यांना थर्मोस्टॅट नाही, ते पाणी ठरावीक तापमानाला ठेवत नाहीत, एवढे लक्षात ठेवून रोज मोजावे.

हीटर टाकीत कुठे आणि कसा बसवावा?

जिथे पाणी वाहते तिथे, म्हणजे फिल्टरच्या पाण्याच्या झोताजवळ. थर्मोस्टॅट हीटरच्या नळीतच असल्यामुळे साचलेल्या पाण्यात तो टाकीचे नव्हे तर स्वतःच तापवलेल्या कोपऱ्याचे तापमान मोजतो, लवकर बंद होतो आणि उरलेली टाकी गार राहते. “डायल २६ वर असून पाणी २३ अंशच कसे?” या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते.

उत्पादकाने परवानगी दिली असेल तर हीटर तळाजवळ आडवा किंवा तिरका लावावा. पाणी थोडे कमी झाले तरी तो बुडालेला राहतो आणि तापलेले पाणी तिथून वर चढत सर्वत्र पसरते. वाळूत किंवा खड्यांत तो पुरू नये, कारण तिथे उष्णता अडकून काच तडकते. सक्शन कपचे रबर वर्ष-दीड वर्षात कडक होते. हीटर सुटून वनस्पतींवर किंवा प्लॅस्टिकच्या सजावटीवर पडू नये म्हणून ते वेळेवर बदलावे.

पाणी बदलताना हीटर बंद करणे खरोखर आवश्यक आहे का?

होय, प्रत्येक वेळी. काम सुरू करण्याच्या १५ ते ३० मिनिटे आधी प्लग काढावा, पाणी पुन्हा पूर्ण भरून झाल्यावरच लावावा. चालू हीटर हवेत उघडा पडला की त्याची उष्णता वाहून नेणारे पाणी उरत नाही. काच काही मिनिटांत प्रचंड तापते आणि नंतर तिच्यावर गार पाणी पडताच ती तडकते. ही तडा कधी कधी केसाएवढी बारीक असते आणि दिसत नाही.

माझ्याकडून ही चूक एकदा झाली आहे. पाणी काढत असताना दारावर कोणी आले, बोलण्यात दहा मिनिटे गेली आणि परतल्यावर मी घाईने बादली ओतली. काचेचा “टक्” असा आवाज झाला. सुदैवाने हात पाण्यात नव्हता. त्या दिवसापासून हीटरचा प्लग काढून तो डोळ्यांसमोर, टाकीच्या झाकणावर ठेवल्याशिवाय मी नळी पाण्यात सोडत नाही. नवा हीटर टाकीत सोडल्यावरही त्याची काच पाण्याच्या तापमानाला येईपर्यंत अर्धा तास थांबून मगच वीज जोडावी.

पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या येतात. हे धोकादायक आहे का?

धोकादायक समजूनच वागावे. हात ताबडतोब बाहेर काढावा आणि टाकीशी संबंधित सर्व उपकरणांची वीज मुख्य स्विचवरून बंद करावी. ओल्या हाताने एकेक प्लग ओढत बसू नये. त्यानंतर सर्व प्लग काढून हीटर, फिल्टर आणि दिव्याच्या वायरी तपासाव्यात. तडा, आत शिरलेले पाणी, करपल्याचा डाग किंवा वायरीची सोललेली साल दिसली, तर ते उपकरण पुन्हा वापरू नये. काहीच दिसले नाही तर इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

टाकीत मासे निवांत पोहत आहेत म्हणजे पाण्यात वीज नाही, असा समज पुष्कळांचा असतो. तो चुकीचा आहे. काचेची टाकी जमिनीपासून विलग असते, त्यामुळे तडकलेल्या हीटरमधून पाण्यात विद्युतदाब आला तरी वीज वाहून जायला वाट नसते आणि माशांना फारसे जाणवत नाही. ती वाट तयार होते ती आपण जमिनीवर उभे राहून पाण्यात हात घालतो तेव्हा.

लीकेज ब्रेकर म्हणजे काय? घरात एमसीबी आहे, तो पुरेसा नाही का?

पुरेसा नाही, आणि या पानावरील एकच सूचना कोणी पाळणार असेल तर त्याने ही पाळावी. एमसीबी वायरिंगला जास्त भारापासून आणि शॉर्टसर्किटपासून वाचवतो. माणसाच्या जिवाला घातक ठरणारा प्रवाह एमसीबीला जाणवतही नाही, कारण तो ॲम्पिअरच्या शतांशांत मोजावा इतका छोटा असतो. लीकेज ब्रेकर, म्हणजेच आरसीसीबी, उपकरणाकडे जाणारा आणि त्याकडून परत येणारा प्रवाह यांची सतत तुलना करतो. त्यांत ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक फरक पडला, म्हणजे वीज अन्य वाटेने निसटत आहे हे कळताच, तो सेकंदाच्या लहानशा अंशात पुरवठा तोडतो. माणसाच्या संरक्षणासाठी ही मर्यादा ३० मिलिॲम्पिअर किंवा त्याहून कमी असावी. त्याच्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

शक्य असल्यास हीटर आणि फिल्टर वेगवेगळ्या लीकेज ब्रेकरांवर ठेवावेत. घरी कोणी नसताना हीटरमुळे ब्रेकर पडला, तर फिल्टर चालू राहतो आणि माशांचा श्वास थांबत नाही.

पाण्यात अर्थिंगची तार सोडावी का?

लीकेज ब्रेकर असेल तर ती उपयोगी आहे : पाण्यात गळती सुरू होताच वीज त्या तारेतून जमिनीकडे जाते आणि आपला हात पाण्यात पडण्याआधीच ब्रेकर पडतो. लीकेज ब्रेकर नसेल तर ती सोडू नये. तशा स्थितीत गळतीचा प्रवाह पाण्यातून सतत वाहत राहील आणि बिघाड मात्र लक्षात येणार नाही.

प्लग आणि वायरीबाबत काय काळजी घ्यावी?

वायर टाकीतून निघून आधी सॉकेटच्या पातळीखाली लोंबावी आणि तिथून वर वळून सॉकेटमध्ये जावी. वायरीवरून ओघळणारे पाणी मग सर्वांत खालच्या वळणावर थेंबाथेंबाने जमिनीवर पडते, प्लगमध्ये शिरत नाही. एवढी साधी गोष्ट, पण आगी टाळते. एक्स्टेन्शन बोर्ड टाकीच्या खाली किंवा जमिनीवर न ठेवता बाजूच्या भिंतीवर उंच बसवावा. समुद्री टाकीत उडालेल्या शिंतोड्यांतील मीठ वायरींवर आणि प्लगवर साचते. ते वीजवाहक असते म्हणून वीज बंद करून नियमित पुसावे. वायर आखूड पडली तरी कापून जोडू नये.

डायलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवावा का?

ठेवू नये, तो अंदाज असतो. स्वतंत्र थर्मामीटर हीटरपासून दूरच्या टोकाला लावावा आणि नव्या हीटरचा डायल २४ तासांच्या निरीक्षणानंतर थोडा-थोडा फिरवून जुळवावा. काचेवर बाहेरून चिकटवायची रंग बदलणारी पट्टी खोलीच्या हवेनेही प्रभावित होते, म्हणून ती फक्त ढोबळ अंदाजासाठी वापरावी. थर्मामीटरचीही परीक्षा घेता येते. बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी यांच्या मिश्रणात तो बुडवून काही मिनिटांनी ० अंश दाखवतो का ते पाहावे, मात्र त्याची मोजपट्टी तिथपर्यंत जात असली पाहिजे.

हीटरवरील दिवा चालू आहे, म्हणजे हीटर चालू आहे का?

तसे गृहीत धरता येत नाही. काही हीटरांत दिवा फक्त वीज आल्याचे दाखवतो, काहींत प्रत्यक्ष तापवणे चालू असल्याचे. माहितीपत्रक पाहावे. पाणी ठरवलेल्या तापमानाच्या वर असूनही तापवण्याचा दिवा विझत नसेल, तर प्लग तत्काळ काढावा.

काचेच्या आत दव किंवा पाण्याचे थेंब दिसत आहेत.

हीटर निकामी झाला आहे. वाळवून पुन्हा वापरू नये. ओला हीटर चालू केल्यास आतल्या वाफेच्या दाबाने नळी फुटू शकते.

पाणी अति तापलेले आढळले तर सर्वप्रथम काय करावे?

प्लग काढावा, झाकण उघडावे आणि एअर पंप पूर्ण क्षमतेने चालू करावा. त्या घटकेला माशांची पहिली गरज प्राणवायूची असते, गारव्याची नंतरची. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास बाष्पीभवनाने तापमान उतरू लागते. त्यानंतर टाकीपेक्षा २-३ अंशांनीच गार असलेल्या, क्लोरीन काढलेल्या पाण्याने थोडे-थोडे पाणी बदलावे आणि तासाला १ ते २ अंश या गतीने खाली यावे. घाबरून बर्फ ओतल्यास उष्णतेतून वाचलेले मासे धक्क्याने दगावतात. त्या दिवशी खाद्य देऊ नये आणि पुढचे काही दिवस अमोनियाची चाचणी करत राहावे, कारण तापलेल्या पाण्यात फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंचीही हानी झालेली असू शकते.

वीज बराच वेळ गेली तर?

मोठी टाकी सावकाश निवते, त्यामुळे पहिले काही तास फारसे काही करावे लागत नाही. टाकीच्या बाजू जाड चादरीने किंवा ब्लँकेटने गुंडाळाव्यात, पण वरून हवा जायला वाट ठेवावी. बॅटरीवर चालणारा एअर पंप लावावा. वीज परत आल्यावर हीटर व्यवस्थित बुडालेला आहे याची खात्री करूनच तो जोडावा.

मासे किंवा गोगलगायी हीटरला चिकटून भाजतात का?

निरोगी मासा सहसा दूर होतो. प्लेकोसारखे चिकटणारे मासे, आजारी मासे आणि गोगलगायी मात्र थंड हीटरवर विसावतात आणि तो अचानक तापल्यावर भाजतात. प्लॅस्टिकची जाळी हीटरभोवती बसवली की हा प्रश्न सुटतो. जाळीत अडकलेली पाने वेळोवेळी काढावीत.

काचेवर पांढरा थर जमला आहे. तो काढायलाच हवा का?

हवा. जड पाण्यातील क्षारांचा हा थर उष्णता अडवतो आणि काच आतून अधिक तापते. वीज बंद करून, हीटर पूर्ण निवल्यावर त्याची क्षार जमलेली बाजू व्हिनेगरमध्ये तासभर भिजवावी, मऊ स्पंजने पुसावी आणि स्वच्छ धुवावी. ब्लेडने खरवडू नये.

हीटर किती वर्षांनी बदलावा? महागडा हीटर घेतल्यास अधिक काळ निश्चिंत राहता येते का?

अनेक अनुभवी मत्स्यपालक दोन ते तीन वर्षांनी, तो चालू असतानाच, हीटर बदलतात. अखंड चालणाऱ्या टाकीसाठी ही सवय मला योग्य वाटते. हीटरची किंमत माशांच्या मानाने थोडी असते. खरेदीची तारीख हीटरच्या प्लगवर लिहून ठेवावी, नाहीतर ती कोणाच्याही लक्षात राहत नाही. वापरलेला हीटर विकत घेऊ नये.

किमतीबद्दल बोलायचे तर चांगल्या हीटरमध्ये संपर्कांचा धातू, काच आणि वायरीचे बूच दर्जेदार असते आणि त्याचा फायदा नक्कीच होतो. मत्स्यटाकीच्या विद्युत उपकरणांसाठी आयईसी ६०३३५-२-५५ हे आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक आहे. त्यानुसार चाचणी झालेला आणि पाण्यात पूर्ण बुडवता येत असल्याचा स्पष्ट उल्लेख असलेला हीटरच घ्यावा. परंतु नामांकित उत्पादनेही चुकतात. २०११ मध्ये अमेरिकेत एका उत्पादकाला दहा लाखांहून अधिक हीटर परत मागवावे लागले होते, कारण ते अति तापून फुटण्याचा आणि आग लागण्याचा धोका होता. नवा हीटर टाकीत लावण्याआधी एका बादलीत, थर्मामीटरसह, दोन दिवस चालवून पाहावा. धुण्याची किंवा रसायनांची बादली त्यासाठी घेऊ नये.

काही दिवस बाहेर जायचे असल्यास कोणती तयारी करावी?

निघण्याच्या आदल्या आठवड्यातच सर्व तपासण्या कराव्यात, शेवटच्या दिवशी नवे उपकरण लावू नये. बाष्पीभवनाने पाणी कमी होऊन हीटर उघडा पडू नये म्हणून टाकी काठोकाठ भरावी आणि झाकण लावावे. ज्या दिवसांत खोलीच टाकीइतकी उबदार असते, त्या दिवसांत हीटरचा प्लग काढूनच जावे. घरी येऊन पाहणाऱ्या व्यक्तीला खाद्याच्या सूचनांपेक्षा थर्मामीटर कसा वाचावा, तो किती अंशांच्या वर दिसल्यास कोणता प्लग काढावा, हे समक्ष दाखवावे आणि त्या प्लगला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवावी.

राखीव हीटर घरात ठेवावा का?

ठेवावा, पण तो बदललेला जुना हीटर नसावा. जुन्या हीटरची वायर कापून, म्हणजे दुसरा कोणी तो उचलून वापरणार नाही अशा रीतीने, तो ई-कचऱ्यात द्यावा. राखीव म्हणून नवा हीटर बादलीतील चाचणी पूर्ण करून, कोरडा करून, थर्मामीटरसह एकाच डब्यात टाकीच्या खालच्या कपाटात ठेवावा आणि वर्षातून एकदा पुन्हा तपासावा.